जमिनीवरचे बेत

शाईच्या डागात काय काय दिसतं ते सांगा, असं समोरचे गृहस्थ म्हणाले, तेव्हा शिवदासला एकच गोष्ट दिसली. आणि ती सांगावी की गिळून टाकावी या विचारात त्याने इतका वेळ लावला की गृहस्थांनी टेबलावरचं घड्याळ उचलून खिशात ठेवलं. "घाई नाही," ते म्हणाले. फोर्टातल्या या कचेरीत शिवदास बारा वर्षं ट्रेसर होता. बंदरांचे, खाड्यांचे, किनाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर काळ्या शाईने गिरवायचे, हे त्याचं काम. शाई सांडली तर अख्खं कापड वाया जायचं. बारा वर्षं तो डागाला भीत आला होता आणि आज कुणीतरी मुद्दाम पाडलेला डाग पुढे करून त्यात काय दिसतं असं विचारत होतं. कचेरीत नवा विभाग निघणार होता, त्याला प्रमुख हवा होता, आणि माणूस नेमायचा तर आधी त्याचं मन तपासून घ्यावं असं साहेबांच्या डोक्यात कुठूनसं शिरलं होतं. त्यासाठी हे गृहस्थ पुण्याहून आले होते. परदेशात शिकलेले, साठीच्या आसपासचे, अंगात कोट आणि पायांत साध्या चपला.

"एक माणूस आहे," शिवदास शेवटी म्हणाला. "पाठमोरा. किनाऱ्यावर उभा राहून कपाळाशी हात धरून समुद्राकडे बघतोय."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"कार्ड उलटं करून बघा."

शिवदासने ते फिरवलं, आडवं धरलं, लांब नेलं. तो माणूस हलला नाही. पुढची नऊ कार्डंही झाली. गृहस्थांनी कागद नीट लावले आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "तुमच्या आधी जे आले होते," ते म्हणाले, "त्यांनी पहिल्याच कार्डात तेवीस गोष्टी सांगितल्या. वटवाघूळ, फुगडी घालणाऱ्या बायका, फाटलेली छत्री, कसलं तरी बेट. मला लिहायला हात पुरेना." शिवदासने विचारलं, "म्हणजे माझं जमलं नाही?" गृहस्थ हसले. यात नापास होणं नसतं, म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून, वर्गात सांगावं तशा सुरात नव्हे तर ओट्यावर बसून सांगावं तशा सुरात ते बोलू लागले. डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडचं ज्यांना जाणवतं, अशी माणसं थोडीच असतात, पण त्यांच्यातही दोन जाती आहेत. एकाचं मन बाहेर धावतं. त्याला एक दोरी दाखवली तर तिचे दहा उपयोग सुचतात, दहा वाटा दिसतात, आणि अकराव्या वाटेला लागताना पहिल्या दहा तो विसरतो. दुसऱ्याचं मन आत उतरतं. दहा गोष्टी आत जातात, तिथे काय होतं ते त्याचं त्यालाही कळत नाही, आणि केव्हातरी एकच चित्र वर येतं. ते जात नाही, बदलत नाही, आणि कुठून आलं ते सांगताही येत नाही. "पहिल्याला लोक चंचल म्हणतात, दुसऱ्याला घुमा," ते म्हणाले. "दोघंही अर्धेच असतात. तो पाठमोरा माणूस कोण आहे?"

"माझा भाऊ," शिवदास म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे आपल्याला आतापर्यंत माहीत नव्हतं.

जागेवर येऊन त्याने लेखणी हातात घेतली, पण ती नुसतीच धरून ठेवली. खिशात थोरल्या भावाचं, कान्हादादूसचं पत्र होतं, कालच आलेलं. गावाहून, थळहून, पत्र आलं की त्यात एक नवा बेत असायचाच, ही गेल्या दोन वर्षांची रीत. रेवस बंदरावर भाड्याच्या सायकली ठेवायच्या. खोबऱ्याचा घाणा घालायचा. बर्फ आणून भुशात साठवायचा आणि मासळी ताजीच मुंबईला धाडायची. चोंढीच्या नाक्यावर तंबूतला सिनेमा आणायचा. किहीमला मुंबईचे शेठ लोक हवापालट म्हणून येतात, नारळीच्या बागेत खोल्या भाड्याने घेतात, मग थळला का येऊ नयेत. पत्र वाचताना कान्हाचा आवाज ऐकू यायचा, एक वाक्य पुरं होण्याआधी दुसऱ्याला हात घालणारा. अलीकडे अक्षर मोठं झालं होतं आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. शिवदासला वाटायचं, दादूसच्या डोक्याला हात पुरत नाही. पण कालचं पत्र निराळं होतं. मासळी सुकवायच्या जागेचा पट्टा दोघा भावांच्या नावावर होता. तो खोल्या बांधायला मुंबईच्या एका डॉक्टरला द्यायचा, त्यावर शिवदासची सही हवी होती. आणि खाली, जाता जाता सांगावं तसं, होडी रेवदंड्याचा एक नाखवा विकत मागतोय, देऊन टाकीन म्हणतो. वडिलांची, बाबाजींची होडी. बाप गेल्यावर विसाव्या वर्षी कान्हा तिच्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झाला होता, आणि आज एकवीस वर्षं आठ घरं तिच्यावर जेवत होती. त्यातलाच एक खलाशी, मोरू, सकाळी भाऊच्या धक्क्यावर भेटला होता. पाटी खाली ठेवून तो एवढंच म्हणाला होता, "शिवा, तांडेल होरी इकतोय. आमी त्याला काय इचारनार. तू ये."

माणूस पाठमोरा का दिसावा, हे शिवदास दिवसभर धरून बसला. त्याच्या बाबतीत चित्रं ही अशीच यायची, आणि आली की घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी मुक्काम ठोकायची. दहा वर्षांपूर्वी कान्हाने त्याच्यासाठी नलूचं स्थळ जुळवलं होतं. शेजारच्याच आळीतली मुलगी, लहानपणापासून पाहिलेली, हसरी, सुकटाच्या पाट्या डोक्यावर घेऊन ताठ चालणारी. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. पण सुपारी फुटायच्या आदल्या आठवड्यात शिवदासला ती एका दारात उभी दिसू लागली. हातात तराजू, आणि दारासमोर समुद्र नव्हता, डोंगर होता. जेवताना, आंघोळ करताना, कचेरीत रेघ ओढताना तेच दार, तोच डोंगर. त्याने लग्नाला नकार दिला. का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. तो काय सांगणार होता. आवडाबाई, त्याची आई, तेव्हा हयात होती. ती महिनाभर बोलली नाही. कान्हाने मात्र दोन दिवस डोक्यात राख घालून तिसऱ्या दिवशी तीन नवी स्थळं आणली, तिन्हींचे गुण असे सांगितले की तिघींशी एकदम लग्न लावावं. शिवदासने त्यालाही नाही म्हटलं आणि मग तो विषय त्याच्या आयुष्यातून उठूनच गेला. पुढे नलूला म्हसळ्याला दिली. चार वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला शिवदास तिकडे गेला, तेव्हा बाजारातून जाताना ती दिसली. नवऱ्याच्या सुक्या मासळीच्या दुकानात, दारात, हातात तराजू. त्याने वळून पाहिलं तर समोर डोंगर होता. तिने ओळखून चहा दिला, मुलांची नावं सांगितली. येताना गाडीत तो एकाच गोष्टीचा विचार करत राहिला. आपल्याला होणारं दिसलं होतं, की आपण नाही म्हटलं म्हणून तसं झालं? आपण हो म्हणालो असतो तर त्या चित्राला कुठे जागा राहिली असती? याचं उत्तर त्याला कधीच मिळालं नाही, पण तेव्हापासून चित्र आलं की तो त्याच्याकडे थोडा संशयाने बघायचा, आणि कुणाला म्हणून सांगायचा नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी उरकून तो धक्क्यावर आला आणि लाँचमध्ये बसला. फाल्गुन लागायचा होता, समुद्र निवांत होता. रेवसपर्यंतच्या त्या दीड तासात दादूसचे सगळे बेत त्याने एकामागून एक मनात मांडले. सायकली. घाणा. बर्फ. तंबू. खोल्या. मांडून झाले, आणि लाँच करंजाच्या डोंगराच्या अंगाने वळत असताना ते आपोआप वर आलं. या एकाही बेतात समुद्र नव्हता. सगळे जमिनीवरचे होते. दुसरा कुणी तांडेल असे बेत करता तर होडीला इंजिन बसवीन म्हणाला असता, लांब मुरूडच्या पुढे जाईन म्हणाला असता. सरकारी सोसायटीकडून इंजिनं मिळत होती, गावात दोघांनी बसवलीही होती. कान्हाने इंजिनाचं नाव काढलं नव्हतं. आणि हे बेत सुरू झाले दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. त्याच सुमारास उंदेरी बेटाजवळ होडी खडकावर गेली होती. भर दुपारी, वारा नसताना, ज्या खडकाच्या अंगाखांद्यावर कान्हा लहानपणी कालवं काढायला गेला होता त्याच खडकावर. माणूस कुणी गेलं नाही, होडीची पुढची नाळ फुटली, कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्या खलाशाचा पाय मोडला. पाण्याने ओढली, असं कान्हा म्हणाला आणि कुणी जास्त बोललं नाही. शिवदासला वाटलं, आता उलगडलं. दादूस भ्यायलाय. पाठमोरा माणूस समुद्राकडे बघतोय खरा, पण त्याचे पाय जमिनीत रुतलेत. उलगडा झाला की जसं हलकं वाटतं तसं त्याला वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला, ज्याची नंतर त्याला लाज वाटली.

एस.टी.तून थळच्या फाट्यावर उतरला तेव्हा उन्हं कलली होती. घरी वहिनी, केसर, जवळा पाखडत बसली होती. "भावजी, पानी घ्या," ती म्हणाली आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. "तिकरंच हायेत. खोल्या बांधतायत." ती हसली नाही, पण तिच्या बोलण्यात रागही नव्हता. मासळी सुकवायच्या जागेत बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकत होते आणि त्यांच्यामधून कान्हा हात उडवत चालला होता. शिवदासच्या पावलांचा आवाज ऐकून तो वळला आणि चेहरा असा उजळला की शिवदासला आपण कशासाठी आलो ते क्षणभर सुचेना. "आयलास? बरा झाला. ये, तुला दाखवतंय." आणि त्याने दाखवायला सुरुवात केली. इथे चार खोल्या, तोंड पश्चिमेला, कारण शेठ लोकांना बुडता सूर्य बघायचा असतो, त्यांना उगवता परवडत नाही, ते उठतच नाहीत. इथे विहीर, विहिरीवर पंप. पंपाचं पाणी उरलं तर अळू लावू. अळू झालं तर त्यांना आपल्याकडचं जेवण देऊ, केसरच्या हातचं, आणि जेवण द्यायचं तर बर्फ लागेल, बर्फ आणला तर मासळीही ठेवता येईल, मग खोल्या चालल्या नाहीत तरी बर्फ चालेल. "आनि त्या माडाखाली खुर्च्या. कापडाच्या. बसला का झोप लागली पायजे." वाळलेल्या बोंबलांच्या वासात उभं राहून शिवदासला खरोखरच त्या खुर्च्या दिसल्या, त्यांवर बसलेली जाडी माणसं दिसली. दादूसच्या बोलण्यात हे होतं. तो जिकडे बोट करी तिकडे काहीतरी उगवायचं. लहानपणी त्याने शिवदासला एका फुटक्या मडक्यातून सात खेळणी करून दिली होती आणि आठवं करताना बोट कापून घेतलं होतं.

बोलता बोलता कान्हाचा पाय खाली पडलेल्या बांबूला लागला, तो धडपडला आणि शिवदासच्या खांद्याला धरून सावरला. तेवढ्या वेळात शिवदासने मनाशी ठरवलं आणि बोलून टाकलं. बोलायला लागल्यावर त्याच्या तोंडी घरचीच बोली आली. "दादूस, तुज्या एकाबी बेतात समुद्र न्हाय."

कान्हाने खांद्यावरचा हात काढला नाही. "म्हंजे?"

"म्हंजे सगलं जमिनीवरचं हाय. उंदेरीला होरी आपटली तवापासनं. तू भितोस."

वाऱ्याने बोंबील एकमेकांना घासून वाजत होते. कान्हा वलांडीच्या सावलीत खाली बसला, दोन्ही हातांनी वाळू सारखी केली आणि शिवदासकडे न बघता म्हणाला, "भितो? तुला तसा वाटला?" त्याच्या आवाजात चीड नव्हती, थोडं आश्चर्य होतं, आणि सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "बस. बस हितं माज्या समोर. आता तुजा हात असा बाजूला धर. डाव्या बाजूला. मी नाकासमोर बगतंय. हात हलू हलू पुढं आन. मना दिसला का सांगतंय."

शिवदासने हात कानाच्या रेषेत धरला आणि पुढे आणायला लागला. कान्हा गप्प. हात गालाच्या पुढे आला, डोळ्याच्या पुढे आला. कान्हा गप्पच. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा तो म्हणाला, "आता. आता बोटं दिसली." मग उजव्या बाजूला. ती थोडी बरी होती. "दोनी बाजूंना कुनी कूड घातल्यासारखा झालाय," कान्हा म्हणाला. "मदल्या फटीतनं बगायचा. पैला वाटला, डोल्यांत खारा पानी गेला. मंग खांदेरीच्या बेटावरल्या दिव्याभवती कडी दिसाया लागली, रंगारंगाची. उंदेरीचा खडक डाव्या हाताला व्हता. मी समोर बगत व्हतो. तो व्हताच कुठं मना." त्याने वाळूत बोटाने रेघ ओढली आणि पुसली. "कोंडाजीचा पाय माज्या डोल्यांनी मोडला. पानी बिनी काय न्हाय."

शिवदासला वाटलं, हे ऐकायला आपण फार उशीर केला. आणि लगेच वाटलं, आपण ऐकायला आलोच नव्हतो, आपण सांगायला आलो होतो. चित्र खरं होतं. माणूस किनाऱ्यावर पाठमोरा उभा होता, कपाळाशी हात धरून बघत होता. त्या हाताचा अर्थ त्याने स्वतःच लावला होता आणि तो साफ चुकला होता. डोळ्यांवर हात धरणारा माणूस दिसत नाही म्हणून धरतो, इतकी साधी गोष्ट कळायला त्याला इतके दिवस पुरले नव्हते. नलूच्या दाराबद्दलही असंच काही झालं असेल का, हा विचार येऊन गेला, आणि तो त्याने पुढे नेला नाही. ते आता कुणालाच उपयोगाचं नव्हतं.

"कुनाला सांगितलास?" त्याने विचारलं.

"सांगून काय करू. तांडेलाचं डोलं गेलं असा एकदा गावात झाला, का मंग कान्हा ऱ्हातो कुठं? म्हनून म्हटला, त्याच्या आदी दुसरा कायतरी व्हावा. खोलीवाला, बरफवाला, काय पन. एक झाला का मंग तांडेल न्हाय म्हनून सांगायाच नको, लोकंच म्हनतील, कान्हानं धंदा बदलला." तो किंचित हसला. "येवडं बेत कशाला काडतो मी? एक गोस्ट बोलाची नाय म्हनून."

"पन अजून जातोस दर्यावर."

"मोरूला समोर बशिवतंय. काय दिसला का सांग म्हनतो, जसा काय त्यालाच शिकवतंय. पन किती दिवस. आट घरं हायेत, शिवा. म्हनून होरी इकतो."

घरात आल्यावर कान्हा आत हातपाय धुवायला गेला तेव्हा शिवदासने वहिनीकडे पाहिलं. कसं सांगावं ते त्याला सुचत नव्हतं. केसरने सूप भिंतीला टेकवलं आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, "सांगितला का तुमाला?" शिवदासने मान डोलावली. "मना वरीस झाला ठावं होऊन," ती म्हणाली. "ताट बाजूला ठेवला का ते हात फिरवून हुडकतात. तवापासनं मी समोरच ठेवतेय. वाटंतला पाटा मागल्या दारी नेला. आपल्याशी बोलतील तवा बोलतील म्हनून ऱ्हायले." मग सूप पुन्हा हातात घेऊन, "तुमी आलाव ते बरा झाला." ती पुन्हा कामाला लागली. दोन भावांना आपापल्या परीने पलीकडचं दिसायचं, आणि या बाईने ताट कुठे ठेवलं की सापडतं एवढंच पाहिलं होतं. शिवदास ओट्यावर जाऊन बसला. त्याला वाईट वाटत नव्हतं; कुणीतरी अंगावरचं ओझं उचलून घ्यावं तसं काहीसं वाटत होतं.

सोमवारची त्याने रजा कळवली आणि कान्हाला घेऊन मुंबईला आला. डोळ्यांच्या इस्पितळात बाकांवर तीन तास बसावं लागलं. शिवदास भिंतीकडे बघत बसला, आणि त्या तीन तासांत कान्हाने दोन्ही बाजूंच्या माणसांची गावं, आजार, मुलंबाळं आणि उतरायची सोय विचारून घेतली. कोकणातून आलेल्यांना राहायला जागा नाही, असं निघालं. "शिवा, हितं जवल येक खोली घेतली," तो कुजबुजला, "आनि चार चार खाटा टाकल्या..." मग स्वतःच थांबला आणि त्याने हात गुडघ्यावर ठेवले. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत औषध घालून, दिवा लावून, पुन्हा पुन्हा पाहिलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ होता. काचबिंदू आहे म्हणाला. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखता येईल. थेंब रोज घालायचे, चुकवायचे नाहीत, आणि पावसाळ्याआधी शस्त्रक्रिया करून घ्यायची. धंदा काय, असं त्याने विचारलं. कान्हाने शिवदासकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे तोंड करून म्हणाला, "तांडेल व्हतो." शिवदासने ते 'व्हतो' ऐकलं. त्या एका शब्दासाठी दादूसला दोन वर्षं लागली होती आणि तो त्याने एका अनोळखी पोरसवदा डॉक्टरसमोर, खुर्चीवर नीट बसून उच्चारला.

कचेरीतली जागा दुसऱ्याला मिळाली, हे शिवदासला त्याच आठवड्यात कळलं. तेवीस गोष्टी दिसलेल्या माणसाला. पुण्याच्या गृहस्थांनी त्याच्याविषयी काय लिहिलं होतं ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. नव्या प्रमुखाचं अभिनंदन करताना त्याला मनापासून बरं वाटलं. त्या माणसाला खरंच पुष्कळ दिसायचं. तो पुन्हा आपल्या कापडाशी बसला. शस्त्रक्रिया एप्रिलात झाली. पंधरा दिवस कान्हा शिवदासच्या गिरगावातल्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होता, आणि त्या पंधरा दिवसांत दोघे भाऊ जितके बोलले तितके गेल्या वीस वर्षांत बोलले नव्हते. म्हणजे कान्हा बोलायचा. होडी विकायची नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं. मोरू तांडेल होईल, होडी घरची राहील. गावात काय सांगायचं तेही ठरलं, जे आहे तेच सांगायचं. पण मग आपण काय व्हायचं, यावर त्याचं मन पुन्हा चौफेर सुटायचं. खोल्या, घाणा, सायकली, आणि आता इस्पितळाजवळच्या खाटा. शिवदास ऐकत राहायचा. एका दुपारी, कान्हा पंपाच्या पाण्यावर पोचला असताना, त्याला मध्येच तोडून शिवदास म्हणाला, "बर्फ."

"काय बरफ?"

"बाकी सोड. बर्फ धर."

"का म्हनतोस?"

"सांगता येत न्हाय. मला तेवढाच दिसतोय." आणि मग, पूर्वी कधी जे केलं नव्हतं ते करत, म्हणाला, "माजा अर्थ चुकला आसंल. कसा करायचा ते तू बग."

 पट्टीखाली कान्हाचे ओठ हलू लागले. बर्फ कुठून आणायचा, भुसा कुठून, पेट्या कुणाकडून करून घ्यायच्या, रेवसपर्यंत गाडी कुणाची. एकाच गोष्टीच्या वाटा तो मोजत होता. "बरं," तो शेवटी म्हणाला. "बरफ."

पट्टी सुटल्यावर शिवदास त्याला पोचवायला निघाला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, तो लावून कान्हा लाँचमध्ये मधल्या फळीवर बसला. धक्का सुटला, पाणी मोकळं झालं. थोडा वेळ तो नाकासमोर बघत राहिला, मग त्याने शिवदासच्या मनगटाला धरलं. "डाव्या हाताला काय हाय?"

"पाणी," शिवदास म्हणाला.

"पानी मना बी ठावं हाय. कसला पानी?"

शिवदासने मान वळवली. याच वाटेने तो बारा वर्षं येत-जात होता, आणि डाव्या हाताला काय असतं ते त्याला सांगता येईना. तो बघू लागला. "हिरवट आहे. पुढे एक पट्टा तपकिरी."

"खाडीचा. वहोटी लागली. आनि?"

"एक होडी येतेय. शीड उतरवलेलं."

"किती मानसं?"

"पाच. नाही, सहा."

"बसलीयेत का उबी?"

"चार बसलेत. दोघं उभे, काहीतरी ओढतायत."

"कनच्या बाजूनं वढतायत?" कान्हाचा चेहरा समोरच होता, पण सगळा कानांत गोळा झाला होता. "होरी कललीय का सरल हाय? पाटीत काय चकाकता का?"

शिवदासला इथून दिसेना. तो उठला, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत कठड्यापाशी गेला, उन्हासाठी कपाळाशी हात धरला आणि वाकून पाहू लागला. "थांब, दादूस," तो मागे न बघता म्हणाला. "जवळ येऊ दे. नीट बघून सांगतो."